काशीच्या राजाचा आड

तीन महिने मुलाकडे राहून इंग्लंडहून परत आले, तेव्हा ज्याने त्याने मला एकच प्रश्न विचारला, “काय काय पाहिलंत?” लंडनचा पूल पाहिला, राजवाड्यापुढची पहारेकऱ्यांची अदलाबदल पाहिली, शेक्सपिअरचे घर पाहिले, हे सारे मी इमानाने सांगितले. ऐकणाऱ्यांचेही समाधान झाले. पण शेजारच्या वहिनींचा स्वभाव खोदून विचारण्याचा. त्या म्हणाल्या, “ते झालं हो, पण तुमच्या मनात घर करून राहिलं ते काय?”

मी म्हणाले, “एक आड.”

वहिनींना वाटले, माझी जीभ अडखळली. “आड?”

“हो. पाण्याचा आड.”

“अहो, मग त्यासाठी विलायतेला कशाला जायला हवं होतं? आमच्या माहेरी दोन आहेत!”

वहिनींचे काही चुकले नाही. आड तर माझ्याही माहेरी होता. किंबहुना तो होता म्हणूनच विलायतेतला हा आड मला परका वाटला नाही. पण ही गोष्ट जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखी नव्हती. ती आज सांगते.

माझा मुलगा रेडिंगला असतो. लंडनच्या पश्चिमेला, गाडीने गेले तर तासा-दीड तासाच्या अंतरावर. रविवार आला की आईला कोठे न्यायचे, ही त्याची चिंता. मोठी गावे पाहून झाली होती. मे महिन्यातल्या एका रविवारी सूनबाई म्हणाली, “आई, आज तुम्हांला आपल्याकडची एक वस्तू दाखवते. पण काय ते विचारायचं नाही.” मला वाटले, एखादे देऊळ असेल. मी पर्समध्ये सुटे पैसे टाकले, देवापुढे ठेवायला हाताशी असावेत म्हणून.

थेम्स नदी ओलांडली आणि रस्ता चढू लागला. त्या भागाला चिल्टर्नच्या टेकड्या म्हणतात. टेकड्या कसल्या, आपल्या सह्याद्रीपुढे त्या उशाच म्हणायच्या. पण त्यांच्यावर बीच नावाच्या झाडांची जी दाट राने आहेत, ती मात्र डोळे निववणारी. नवी पालवी फुटली होती. तिच्यातून गाळून येणारा उजेडही हिरवा वाटत होता. या बीचच्या लाकडावर तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पोट भरले. रानातच बसून खुर्च्यांचे पाय कातायचे आणि ते जवळच्या शहरातल्या कारखान्यांना विकायचे, हा तिथला जुना धंदा. म्हणजे रान हिरवेगार असले तरी त्यात राहणारा माणूस गरीबच होता.

या रानात स्टोक रो नावाचे गाव आहे. ऑक्सफर्डशर परगण्यातले, हेन्ली या नदीकाठच्या गावापासून पाच-एक मैलांवर. एक रस्ता, दोन्ही बाजूंना विटांची घरे, गारगोटीच्या दगडांचे एक छोटे चर्च. ते १८४६ सालचे. रविवार असून रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मी मनात म्हटले, यात आपल्याकडचे काय असणार?

तेवढ्यात सात वर्षांचा नातू ओरडला, “आजी, हत्ती!”

खरोखरच हत्ती होता. सोनेरी रंगाचा, आटोपशीर, एका मोठ्या लोखंडी यंत्रावर दिमाखात उभा. त्याच्यावर खांबांनी तोललेला घुमट. सारी उंची तेवीस फूट. लखनौ-काशीकडे एखाद्या बागेत शोभावा तसा तो मंडप, आणि भोवती मात्र इंग्रजी कुंपणे, इंग्रजी गवत, इंग्रजी शांतता. लग्नाच्या वरातीतला एखादा पाहुणा वाट चुकून भलत्याच गावात यावा आणि गावकऱ्यांनी त्याला प्रेमाने ठेवून घ्यावे, तसे काहीसे वाटले.

“आई, ही विहीर आहे,” मुलगा म्हणाला. “काशीच्या महाराजांनी या गावाला बांधून दिलेली.”

मी एका शाळेत तेहेतीस वर्षे इतिहास शिकवला. इंग्रजांनी हिंदुस्थानातून काय काय नेले, याची यादी माझ्या मुलींना तोंडपाठ असे. हिंदुस्थानातल्या एका राजाने इंग्लंडातल्या एका खेड्याला पाणी दिले, हे मी एकाही वर्गात सांगितले नव्हते. सांगणार कुठून? मलाच ठाऊक नव्हते.

आम्ही असे आ वासून उभे असताना कुत्र्याला फिरवायला निघालेली एक वृद्ध बाई आमच्यापाशी थांबली. पंच्याऐंशीच्या पुढची असावी. माझ्या साडीकडे पाहून तिने विचारले, “तुम्ही बनारसच्या का?” मी म्हटले, “नाही, पुण्याची.” पुणे तिला ठाऊक नव्हते, पण हिंदुस्थानातली कोणीही बाई ही या विहिरीची जवळची नातेवाईक, असे तिने ठरवूनच टाकले होते. “माझी आई लहानपणी इथलंच पाणी भरत असे,” ती म्हणाली आणि शेजारच्या बाकावर बसली. मीही बसले. दोघींच्या मध्ये कुत्रा बसला. मुलगा दुभाष्याचे काम करायला पुढे सरकला. पण शाळामास्तरणीला तेवढे इंग्रजी येते, हे मी त्याला नजरेनेच सांगितले.

तिने सांगितलेले, तिथल्या फलकावर वाचलेले आणि पुढे ग्रंथालयात बसून ताडून पाहिलेले, असे सारे मिळून ती कथा अशी आहे.

या टेकड्या खडूच्या दगडाच्या. आपला काळा दगड पाणी अडवून धरतो, फटीफटीत जपतो. खडू ते पिऊन टाकतो. वर पाऊस पडतो, रान हिरवे राहते, पण पाणी झिरपत झिरपत शेकडो फूट खाली निघून जाते. त्यामुळे टेकडीवरच्या गावात झरा नाही आणि ओढाही नाही. विटांसाठी माती काढून झालेल्या खड्ड्यांत जे पावसाचे पाणी साचे, त्यावर माणसांनी आणि गुरांनी भागवायचे. पाऊस लांबला की एका घरात स्वैपाकाला वापरलेले पाणी दुसऱ्या घरी स्वैपाकाला जाई. कपडे धुण्याचा दिवस अनिश्चित काळ पुढे ढकलला जाई. रान असे गच्च हिरवे, आणि त्याच्या पोटात राहणारी माणसे मात्र तहानलेली. ज्या देशात पाऊस कधी थांबतच नाही अशी आपली समजूत असते, त्या देशातली ही गोष्ट.

या गावाजवळच इप्सडेन म्हणून गाव आहे. तिथल्या रीड घराण्यातला एडवर्ड अँडरडन रीड हा कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. (त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स रीड पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला.) या एडवर्डने १८३१ मध्ये आझमगढ इथे लोकांसाठी एक विहीर खोदवली. काशीनरेश महाराज ईश्वरीप्रसाद नारायणसिंह यांच्याशी त्याचा स्नेह जमला. रामनगरची रामलीला ज्यांच्या आश्रयाखाली बहरली तेच हे महाराज. गप्पांच्या ओघात रीडने कधीतरी आपल्या गावाकडचे हे पाण्याचे हाल महाराजांना सांगितले. १८६० मध्ये तो कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याने महाराजांना एवढीच विनंती केली की आझमगढची विहीर सर्वांसाठी उघडी राहील असे पाहावे.

राजेसाहेबांनी ती विनंती तर मनावर घेतलीच. पण ती जुनी हकिकतही ते विसरले नव्हते. इंग्लंडात काहीतरी दान करावे असे त्यांच्या मनात आले, तेव्हा त्यांना राजधानी लंडन आठवली नाही. रीडने सांगितलेले तहानलेले गाव आठवले. ज्याने माझ्या मुलखात विहीर खोदली, त्याच्या मुलखात मी विहीर खोदीन, असा हा साधा हिशेब. १० मार्च १८६३ रोजी काम सुरू झाले आणि २४ मे १८६४ रोजी विहीर गावाला खुली झाली.

विहीर म्हणते खरी, पण आपल्या भाषेत तो आडच. तोंड अवघे चार फुटांचे, आणि खोली? ३६८ फूट! मुंबईचा राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. तो उलटा करून या आडात उतरवला, तर त्याच्या टोकाखालीही जवळजवळ नव्वद फूट उरतील. लंडनचे सेंट पॉलचे कॅथीड्रल ३६५ फूट उंच. त्यापेक्षाही हा आड खोल. आणि तो सारा हातांनी खणलेला. चार फुटांच्या अंधाऱ्या नळीत कुदळ मारीत माणूस खाली खाली जात होता, वर आकाशाचा रुपया दिसत होता, आणि भरलेली बादली डोक्यावरून वर जात होती. दान महाराजांचे खरे. पण त्या दानाला पाणी लागले ते या खणणाऱ्यांच्या घामाने, हेही विसरून चालत नाही.

महाराजांनी नुसता आड देऊन हात झटकले नाहीत. पाणी वर काढायला वॉलिंगफर्डच्या कारखान्यातून लोखंडी रहाट घडवून घेतला. राखणदारासाठी शेजारी छोटे घर बांधले. आणि डागडुजीचा खर्च कायमचा निघावा म्हणून चेरीच्या झाडांची बाग लावून दिली. तिचे नाव ‘ईशरी बाग’. इंग्लंडच्या खेड्यात हे नाव अजून नांदते आहे. बागेत माशाच्या आकाराचे एक तळेही खणले. पाणी गावाला फुकट. १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियावर हल्ला झाला आणि ती बचावली, तेव्हा महाराजांनी आपल्या खर्चाने साऱ्या गावाला जेवण घातले. त्या गावातल्या कोणाला महाराज भेटले नाहीत. पण गावजेवण घालण्याची आपली रीत मात्र सात समुद्र ओलांडून तिथे पोचली.

सुमारे सत्तर वर्षे गाव या आडाचे पाणी प्याले. मग नळ आले आणि रहाट थांबला.

इथपर्यंत मी एखादा धडा ऐकावा तशी ऐकत होते. मग त्या बाई म्हणाल्या, “रीडसाहेबांनी महाराजांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. इथली मुलं घरातलं पाणी चोरून प्यायची, आणि त्यापायी आईचा मार खायची.” जराशा थांबून त्या म्हणाल्या, “त्या मुलांची गोष्ट सगळेजण सांगतात. त्यांच्या आयांची कोणी सांगत नाही.”

मी काही बोलले नाही. नातवाला हत्ती दाखवण्याचे निमित्त करून उठले आणि घुमटाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातले. तो मुलूख पावसाच्या पाठीमागचा. त्याच जिल्ह्यात लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे, थेट राजवाड्यासारखी. पण आमच्या गावाच्या वाट्याला एक आड तेवढा होता. १९७२ चा पावसाळा कोरडा गेला. १९७३ चा उन्हाळा उजाडला तो आडाचा तळ दाखवीतच. मी दहा वर्षांची होते. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात मिलोची लाल भाकरी, शाळेत सुकडी. रात्री दोनला उठून आई आडावर नंबर लावी. एखादे हलके पोर दोराला बांधून खाली सोडत. ते तळाशी झिरपलेले पाणी वाटीने पोहऱ्यात भरी. एका घराला एक कळशी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण मी पुढे शाळेत अनेकदा फळ्यावर लिहिली. दर वेळी खडू धरलेला हात क्षणभर थांबे.

माझा धाकटा भाऊ तेव्हा वर्षाचा होता. त्याला जुलाब लागले होते. पाणी उकळून थोडे थोडे पाजत राहा, असे दवाखान्यातून सांगितले होते. आई कामावर जाताना उकळलेल्या पाण्याचा तांब्या फळीवर ठेवून गेली आणि मला बजावून गेली. दुपारी पत्रा तापला. बाळ झोपले होते. मी तांब्यावरची वाटी काढली. दोनच घोट प्यायचे असे ठरवले होते. तांब्या खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता.

आई आली. बाळ जागे होऊन सुकलेल्या आवाजात रडत होते. तिने तांब्या उचलला, उलटा केला आणि माझ्याकडे पाहिले. पोहऱ्याचा दोर खुंटीला होता. तिने मला त्या दोराने मारले. शेजारणी धावून आल्या तेव्हा ती थांबली. मग तीच तांब्या घेऊन दारोदार घोटभर पाणी मागत फिरली.

भाऊ वाचला. पुढे पाऊसही आला. आणि त्याच जूनमध्ये मामा मला शिकायला पुण्याला घेऊन गेला. माझ्या मनाने त्या दोन गोष्टींची बेरीज करून टाकली : मला मारले, आणि मग घालवून दिले. पाठीवरचा वळ आठ दिवसांत गेला. ही बेरीज मात्र पन्नास वर्षे तशीच राहिली. आईवर मी रागावले होते असे नाही. तिला पैसे पाठवले, लुगडी नेली, आजारपणात पुण्याला आणून ठेवले. सारे केले. पण तिच्या कुशीत मी पुन्हा शिरले नाही. त्या दुपारबद्दल ती कधी बोलली नाही, मीही बोलले नाही. मी गावी गेले की उंबऱ्यातच ती विचारी, “पानी प्यालीस का?” इतर आया ‘जेवलीस का’ म्हणतात, ही असे काय विचारते, असे मनात येई. मी म्हणे, “प्याले.” बहुधा प्यालेली नसे.

पाच वर्षांपूर्वी आई गेली.

परत गाडीत बसलो तेव्हा मुलाने वाद उकरून काढला. “आई, तू इतिहासाची बाई. तुला हे दान खटकत नाही का? हे महाराज सत्तावन्नच्या बंडात इंग्रजांच्या बाजूला उभे राहिले. रीडसाहेब तेव्हा आग्र्याला मोठा अधिकारी होता. विहिरीचं उद्घाटन राणीच्या वाढदिवसाला केलं. ही राजनिष्ठेची पावती झाली!”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच काशीत जन्मलेली मनू पुढे झाशीची राणी झाली आणि १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढता लढता पडली. ती गोष्ट सांगताना वर्गात माझा आवाज दर वर्षी भरून येई. त्या गोष्टीत काशीचे महाराज आपल्या बाजूला नव्हते. हे मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. पण मी त्याला म्हटले, “खटकतं. तरीही, ज्या पोराला त्यामुळे मार चुकला, त्याला विचार. पाण्याला कुठं बाजू असते? अहिल्याबाईंनी काशीला देऊळ बांधलं, घाट बांधले, देशभर विहिरी खणल्या. त्या पाणी पिणाऱ्याला गाव विचारायच्या का? देणाऱ्याच्या मनात काय काय मिसळलेलं असतं, ते देव जाणे. पिणाऱ्याला पाणी निवळ मिळालं की झालं.”

तो गप्प बसला. माझे समाधान मात्र माझ्याच बोलण्याने झाले नाही. ‘देणाऱ्याच्या मनात काय मिसळलेले असते’ हे वाक्य काही मला सोडीना.

त्या संध्याकाळी मी गावी भावाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तो डाळिंबाच्या बागेला पाणी सोडून नुकताच घरी आला होता. इकडचे तिकडचे झाल्यावर मी विचारले, “त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातलं आईनं तुला कधी काही सांगितलं होतं का रे?”

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “रांजणाचं इचारतीयास व्हय, आक्का?”

रांजण मला माहीत होता. दर वर्षी पाडव्यापासून मृग निघेपर्यंत आई एसटीच्या थांब्यावर, लिंबाखाली, पाण्याचा रांजण भरून ठेवी. अंगात बळ होते तोवर स्वतः कळशा वाहिल्या. पुढे हेच काम भावाकडून करून घेतले. म्हातारपणी माणसे पुण्य जोडतात, तसेच हे एक, असे मी समजत होते.

भाऊ सांगू लागला, “थांब्यावर गर्दी झाली की ती म्हणायची, बारक्या पोरींना आधी द्या. मी एकदा म्हटलं, पोरींनाच का गं? तर म्हणली, ‘एका पोरीचं देणं हाय.’ मला वाटलं, कुणाकडनं उसनं घेतलं असंल. तिनं पुढं काय सांगितलं न्हाई.”

त्याला तो तांब्या, तो दोर, काहीच ठाऊक नव्हते. मी सांगितले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. तो ऐकत राहिला आणि शेवटी एवढेच म्हणाला, “म्हंजी ते पानी माझं व्हतं.” आणि मग आम्ही दोघे, दोन देशांत, दोन टोकांना, पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे, बराच वेळ काही न बोलता फोन धरून बसलो.

उंबऱ्यातल्या त्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला. ‘पानी प्यालीस का’ ही विचारपूस नव्हती. ते आईचे माफी मागणे होते. तिला दुसरे शब्द येत नव्हते, आणि मी दर वेळी खोटे सांगून तिची ती माफी उंबऱ्यातूनच परत पाठवीत होते.

स्टोक रोला मी त्यानंतर आणखी एकदा गेले. त्या बाई भेटल्या नाहीत. पण बाकावर बसून मी पुष्कळ वेळ त्या सोनेरी हत्तीकडे पाहिले. जो आड आता कोणाची तहान भागवीत नाही, तो एवढा निगुतीने का जपायचा? गावाचे विश्वस्त मंडळ त्याची देखभाल करते. १९६१ मध्ये राणी एलिझाबेथ काशीला गेली, तेव्हा तिथल्या महाराजांनी तिला या आडाची हस्तिदंती प्रतिकृती भेट दिली. १९६४ मध्ये आडाला शंभर वर्षे झाली, तेव्हा प्रिन्स फिलिप समारंभाला आले आणि काशीहून आणलेले गंगाजल या आडाच्या पाण्यात मिसळले. हे थोरांचे झाले. पण रोजच्या रोज तिथून जाणारी ती कुत्रेवाली बाई कोणा परक्या बाईला थांबवून आपल्या आईच्या घागरीची गोष्ट सांगते, ती कशासाठी? मला वाटते, आपण एके काळी तहानलेले होतो आणि कोणीतरी आपल्याला पाणी दिले, हे त्या गावाला विसरायचे नाही. गावाचा वारसा म्हणजे घुमट आणि हत्ती नव्हे. ही आठवण म्हणजे वारसा. घुमट तिच्यावर धरलेले छत्र.

आणि आमचा आड? भावाला विचारले, तर तो ओशाळला. नळ आले, मग बोअर आले, आणि आडात गावाचा कचरा पडू लागला. आता काठाचे दगडही हलले आहेत. ज्या दगडांवर दोराच्या घासण्याने बोटबोट खोल खाचा पडल्या होत्या, ते दगड. त्या खाचांत आमच्या आज्यांचे, पणज्यांचे तळहात होते. आम्हांला कोणी राजा भेटला नाही म्हणून त्यावर घुमट चढला नाही, हे ठीक. पण कचरा टाकायला तर राजा लागला नव्हता. ते आम्हीच केले.

दिवाळीच्या पहाटे, अभ्यंगस्नान व्हायच्या आधी, आई एक पणती आडाच्या काठावर ठेवून येई. त्र्याहत्तर साली आडाला पाणी आले होते, आणि त्या दिवाळीला मी पुण्याहून सुट्टीला आले होते. त्या पहाटे पणती ठेवताना ती मला हाताला धरून घेऊन गेली होती. हे मी इतकी वर्षे विसरून गेले होते. मार तेवढा आठवत होता.

यंदाच्या दिवाळीला मी गावी जाणार आहे. भावाने चार पोरे जमवली आहेत. काठ मोकळा करायचा, दगड नीट बसवायचे, गाळ जमेल तेवढा काढायचा. पाणी लागेल की नाही, कोण जाणे. न लागले तरी पहाटेची पणती तिथे ठेवायची, एवढे ठरले आहे.

आणि घराच्या उंबऱ्यात विचारणारे आता कोणी नसले, तरी आत पाऊल टाकल्याबरोबर आधी तांब्याभर पाणी पिणार आहे.